डांगर उनं रे!

आमळखेडं, ३ मार्च १९३८

डायरी लिहायची नाही असं ठरवलं होतं. पोलीस खात्यात लिहिलेलं नेहमी लिहिणाऱ्याच्याच अंगाशी येतं. पण आज धुळ्याहून जो हुकूम आलाय तो कुणाला तरी सांगितल्याशिवाय चैन पडेना, आणि सौ.ला सांगावा तर ती हसेल. म्हणून ही वही.

नवं मंत्रिमंडळ आल्यापासून धुळ्याचे मोठे साहेब गोड बोलायला लागले आहेत. हुकूम असा : तरुण वर्गाच्या मनातली पोलिसांची भीती घालवावी, त्यांचा विश्वास संपादन करावा आणि पावसाळ्याच्या आत प्रगती कळवावी. ज्या फौजदारांना हे जमणार नाही त्यांची सोय सातपुड्यात, अक्राणीच्या ठाण्यावर होईल. तिथे हिवताप फार, म्हणजे सोय कायमची.

आता माझ्याकडे बघून कुणाला भीती वाटते हेच मला पटत नाही. पुण्याहून आलो तेव्हा पट्ट्याला मोची बसवून दोन नवी भोकं पाडली होती. इथल्या तुपानं तीही मागे पडली. घोडा मागितला तर वरून उत्तर आलं नाही. त्यांना घोड्याची दया आली असावी.

खरी अडचण आहे अभिमन. गावातल्या पोरांचा म्होरक्या, बावीस-तेवीसचा, धुळ्याला इंग्रजी शिकलेला, डोक्यावर पांढरी टोपी. माझ्या आधीच्या फौजदारानं एका मिरवणुकीत त्याच्या उजव्या मनगटावर लाठी घातली. ते हाड वाकडंच बसलं. मी समोरून आलो की तो रस्ता बदलतो, आणि तो बदलला की बाकीचे सगळे बदलतात. या अभिमननं एकदा आपणहून मला रामराम घातला तर हुकूम तामील झाला असं मी समजेन.

७ मार्च

आज सभा बोलावली. म्हणजे दवंडी पिटवली की गावातल्या सर्व तरुणांनी सकाळी ठाण्यात हजर राहावं, विश्वास संपादन करण्यात येईल.

सकाळी गावात एक तरुण उरला नाही. कुणी नरडाण्याला, कुणी मामाकडे, कुणी नुसतेच शेतात. ठाण्यात आली ती एकटी तोतारामची आई. तोताराम म्हणजे अभिमनचा उजवा हात. बाईनं भाकरी आणि ठेच्याचं गाठोडं माझ्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "साहेब, पोऱ्या सापडना ते कोठडीम्हा उपाशी नका ठेवज्यात." मी तिला समजावलं की हे प्रेमानं बोलावणं आहे. पोरगा हाती लागलाच तर उपाशी ठेवू नका, एवढंच तिचं मागणं. तिनं पदर डोळ्यांना लावला.

हेडकॉन्स्टेबल जीवराम इकडचाच, पिकलेल्या मिशांचा. तो म्हणाला, "साहेब, ठाण्यात प्रेमानं कुणी बोलवत नाही. पोरं घाबरली." ठेचा उत्तम होता.

१२ मार्च

पोरं ठाण्यात येत नाहीत तर ठाणं पोरांकडे जाईल. आज पांझरेच्या पात्रात गेलो. उन्हाळ्यात पाणी गुडघ्याएवढं उरतं आणि वाळूत टरबुजांचे वेल लावतात. टरबुजाला इकडे डांगर म्हणतात. आमच्या पुण्यात डांगर म्हणजे उडदाचं, ताकात कालवलेलं. असो.

मी काठ उतरतोय तोवर एकानं हाळी दिली, "डांगर उनं रे!" म्हणजे डांगर आलं. लगेच पलीकडून दुसऱ्यानं तीच हाळी दिली, मग तिसऱ्यानं. माल तयार झाल्याचा केवढा हा आनंद! मी जवळ जाऊन म्हटलं, "मलासुद्धा डांगर फार आवडतं." पोरं वाळूत लोळून हसली. तोतारामला तर ठसका लागला.

मी इतका विनोदी आहे हे मला पस्तिशीपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. अभिमन मात्र हसला नाही. वेलाची पानं सारखी करत बसला होता. पण रस्ता बदलला नाही. वाळूत रस्ताच नव्हता म्हणा.

२० मार्च

पोलीस विरुद्ध तरुण अशी रस्सीखेच ठेवली. आमच्या बाजूनं चार शिपाई, जीवराम आणि सर्वांत शेवटी, दोर कमरेला गुंडाळून, मी. जीवरामचं म्हणणं, "साहेब नुसते बसले तरी आपण हरणार नाही."

मी बसलोच. पाय घसरला, खाली बसलो, आणि बसलेल्या अवस्थेत रेषेपलीकडे ओढला गेलो. सबंध गावानं पाहिलं. सौ.सुद्धा शेवंताबाईच्या ओट्यावरून पाहत होती आणि तोंडाला पदर लावून तिचे खांदे हलत होते. ही शेवंताबाई म्हणजे आमची शेजारीण, साठीची, दणकट, आणि आवाज असा की नदीपार ऐकू जावा.

मला उठवायला हात पुढे आला तो डावा होता. अभिमन! हसत होता. मी चाचरत विचारलं, उजवा फार दुखतो का? त्यानं मनगट माझ्यापुढे धरलं. "हाई मांगला फौजदारसाहेबनी आठवन शे." रागानं नाही बोलला. मी शरमेनं कमरेचा दोर सोडत बसलो. शेवटी म्हटलं, "माझी आठवण म्हणून हा दोर ठेवा." तो पुन्हा हसला.

३१ मार्च

पोरं संध्याकाळी ठाण्याच्या पायरीवर येऊन बसू लागली! मी वर्तमानपत्र वाचून दाखवतो, अभिमन त्यातल्या सरकारच्या चुका सांगतो, मी ऐकलं नाही असं दाखवतो. गावात कुठूनही गेलो की "डांगर उनं रे" चालूच. यंदा पीक जोरदार दिसतंय.

अभिमन अजून रामराम घालत नाही. "या साहेब" म्हणतो. तेही बरं आहे.

९ एप्रिल

दार लावून घेऊन लिहितोय.

आज ठाण्यामागच्या कडुनिंबाखाली पोरं बोलत होती. मी खिडकीशी होतो. तोताराम म्हणाला, "औंदा आखाजीले नदीवर आसा बार कराना, का बठ्ठी रेवाडी हाली जाई!" रेवाडी म्हणजे नदीपलीकडचं गाव. दुसरा म्हणाला, "शेवंतामाय बठ्ठी तयारी करी ऱ्हायनी." आणि अभिमन? अभिमन म्हणाला, "मांगला साल आपला बार कमी पडना व्हता."

बार! आखाजी म्हणजे अक्षय्यतृतीया, त्या दिवशी नदीवर सगळा गाव जमतो. तिथे ही पोरं बार उडवणार. सबंध गाव हादरेल एवढा. आणि दारूगोळ्याचं कोठार माझ्या शेजारच्या घरात, जिथे माझी बायको रोज दुपारी जाऊन बसते!

१० एप्रिल

जीवरामला खरं सांगितलं नाही. तो इथलाच, त्याचा पुतण्या पोरांत आहे. मोठ्या चतुराईनं, सहज विषय काढल्यासारखं विचारलं, "जीवराम, आखाजीला इथे काय काय असतं हो?"

"झोके असतात साहेब. गाणी असतात. लोक पत्ते कुटतात. आणि संध्याकाळी बार."

इतकं उघड! मी आवाज शांत ठेवला. "त्यात कुणाला इजा होते?"

"दरसाल दोन-चार डोकी फुटतात. फार नाही."

"आणि आधीचे फौजदार?"

"ते खुर्ची टाकून बघायचे."

अरे देवा. हे ठाणंच फितूर आहे.

सौ.ला विचारलं, शेवंताबाईकडे तुला काही संशयास्पद दिसतं का? ती म्हणाली, "तयारी अगदी जोरात आहे." कसली म्हटलं, तर म्हणाली, "बायकांच्या गोष्टी आहेत, तुम्हांला काय करायच्यात?" आखाजीला इकडे बायका गौराई बसवतात, त्याचीच तिच्या डोक्यात धांदल. पोळ्या लाटताना गाणी घोकत असते. आज काहीतरी "सटवे, तुझं तळपट" असं ऐकू आलं. इकडच्या गाण्यांचे बोल विचित्र आहेत.

१३ एप्रिल

अभिमनला सरळ विचारावं काय? तीन वेळा पायरीपर्यंत गेलो आणि परत आलो. विचारलं आणि खरं असलं तर तो सावध होईल. विचारलं आणि खोटं असलं तर त्याचा माझ्यावरचा विश्वास उडेल. असा दुहेरी विचार करून मी दोन्हींपेक्षा वाईट गोष्ट केली. धुळ्याला वर्दी दिली.

१९ एप्रिल

धुळ्याहून जबाब. आखाजीला असिस्टंट साहेब स्वतः बंदुकांची तुकडी घेऊन येतील, गुपचूप नदीकाठी लपतील. माझं अभिनंदन केलंय.

संध्याकाळी अभिमन आला, डाव्या हातानं एक मोठं डांगर टेबलावर ठेवलं. पहिल्या तोडणीतलं, म्हणाला, घरी न्या. सौ.नं कापलं. लालभडक होतं. मला एक फोड गेली नाही.

२६ एप्रिल

आज कमाल झाली. अभिमननं मला बाराचं आमंत्रण दिलं! "साहेब, आखाजीले बार देखाले या. पन लांबथीन देखा. जवळ उनात ते लागी जाई."

जवळ आलात तर लागेल म्हणे! काय ही थंड डोक्याची माणसं! फौजदाराला बोलावून उडवणार, आणि वर काळजी घेणार. मी म्हटलं, येईन. आणि दौतीचं बूच खिशात घातलं. त्यानं विचारलं, "साहेब, तब्येत बरी शे ना?" असं विचारताना त्याचे डोळे इतके साधे होते की मला रडू यायची वेळ आली. कुणीतरी मला सांगा की मी चुकतोय. पण सांगणार कोण? मी कुणाला विचारलेलंच नाही.

आखाजी

लिहायला बसलोय पण टाकातून शाई गळत नाही एवढा माझ्या अंगावरून चिखल गळतोय.

दुपारपासून साहेब आणि तुकडी आमच्या काठावरच्या बाभळींत दडलेली. साहेब तरुण, गोरा, उन्हानं लाल झालेला. मला म्हणाला, "बार दिखा, तो सीटी बजाओ." मी तोंडात शिट्टी धरून काठावर उभा.

उन्हं कलली तशा बायका गौराई घेऊन गात नदीवर आल्या. आमच्या काठाला आमळखेड्याच्या, समोर रेवाडीच्या. गौराई पाण्यात सोडल्या. पोरं झाडांवर चढून बसली. दारूगोळा कुठेच दिसेना. मग गाणी थांबली. बायकांनी पदर खोचले. शेवंताबाई पुढे आली, कमरेवर हात ठेवले, आणि रेवाडीच्या दिशेनं तिनं अशी एक शिवी हासडली की मी ती इथे लिहू शकत नाही, सरकारी शाई आहे.

पलीकडून तिच्या दुप्पट शिवी आली. मग इकडून दहा, तिकडून वीस. सासू, नणंद, जावई, म्हैस, कुणी सुटलं नाही. आणि झाडावरून तोताराम आनंदानं ओरडला, "बार सुरू व्हयना रे! बार!"

शिट्टी माझ्या तोंडातून पडली.

बार म्हणजे शिव्या! शिव्यांचा बार! दोन गावच्या बायकांनी वर्षातून एकदा नदीकाठी उभं राहून पोटभर शिव्या द्यायच्या आणि रंगात आलं की दगडगोटे भिरकवायचे. बस्स. एवढ्यासाठी मी धुळ्याहून बंदुका आणल्या.

तेवढ्यात बायकांनी पदरात गोटे भरायला घेतले, आणि मागे बाभळींत खट्‌खट् आवाज झाला. बंदुका भरल्याचा. साहेबाला दिसत होता तो दंगा. शेकडो बायका, हातात दगड. एक गोटा चुकून मागे त्याच्या टोपीवर आला असता की तो "फायर" म्हणाला असता. मी वळून साहेबाला हात केले, त्याला वाटलं मी घाई करतोय. आणि पुन्हा नदीकडे पाहिलं तर बायकांच्या अगदी पहिल्या रांगेत, शेवंताबाईच्या खांद्याला खांदा लावून, जांभळं लुगडं. सौ.चं. पदरात गोटे. तोंड चालू. म्हणजे ती घोकत होती ती ही गाणी!

पुढचं मी केलं असं म्हणवत नाही, पायांनी केलं. मी धावत सुटलो, बायकांमधून आरपार, थेट नदीत, आणि मधोमध जाऊन दोन्ही हात पसरून बाभळींकडे तोंड करून उभा राहिलो. बंदुकांच्या टप्प्यात आपलाच फौजदार उभा दिसला, तर तेवढ्यासाठी तरी साहेब थांबेल. एवढा मोठा देह पहिल्यांदाच सरकारी कामाला आला.

नदी गप्प झाली. मी ओरडलो, "थांबा! दगड खाली टाका!"

शेवंताबाईनं मला नखशिखांत पाहिलं. "आरे ए डांगर! आमना बारम्हा तुन्हं काय काम? तुन्ही मिशीले वाळवी लागो!"

डांगर. माझ्याकडे बोट. हे डांगर म्हणजे... आणि मला गेल्या दोन महिन्यांतली एकेक हाळी आठवली. गावात सुगी नव्हती. मी होतो.

पलीकडची रेवाडी तरी कशी मागे राहील? "त्या डांगरले उचलाले दोन गाडा लावा!" बघता बघता दोन्ही गावांनी आपापसातलं वैर सोडलं आणि सगळा बार माझ्यावर घेतला. चिखल, डांगराच्या साली, शिव्या. त्यात एक आवाज अस्सल पुणेरी. लग्नाला अकरा वर्षं झाली, मंगळागौरीला सुद्धा चारदा लाजल्याशिवाय माझं नाव न घेणारी सौ. ओरडली, "ए भास्कर्‍या, हो बाजूला! एवढी घोकून आलेय!"

मग गोटे सुरू झाले. एक कपाळाला लागला, मी बसलो. तोच माझ्याभोवती पाण्यात धपाधप उड्या पडल्या. पोरं. तोताराम, जीवरामचा पुतण्या, सगळी. माझ्याभोवती कडं करून उभी राहिली, हसत, गोटे पाठीवर झेलत. आणि अभिमन मला सोडून काठ चढून गेला, कारण बाभळींतून साहेब पिस्तूल घेऊन बाहेर आला होता.

पांढऱ्या टोपीचा पोरगा दोन्ही हात वर करून बंदुकांसमोर गेला. एक हात नीट वर होत नव्हता. "दगड का झेललेत?" असं पोरांना विचारायचं माझ्या मनात होतं, ते तिथेच राहिलं. मी चिखलातून धडपडत त्याच्या मागे गेलो.

साहेब ओरडत होता, "कहाँ है बार? इस फौजदार ने रिपोर्ट भेजा, गाँव के लड़के बार उड़ानेवाले हैं!"

अभिमननं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. त्याला बंदुका कळल्या. त्याचं डांगर घरी नेणारा मी कळलो. मला वाटलं आता तो बोलेल आणि मी अक्राणीला जाईन, आणि खरं सांगतो, जावं असंच वाटलं.

तो साहेबाकडे वळला आणि इंग्रजीत म्हणाला, "हाच बार, साहेब. दरसाल यात डोकी फुटतात, म्हणून फौजदारसाहेबांनी बंदोबस्त मागवला. बरोबरच कळवलं त्यांनी. बघा ना, त्यांचंच फुटलंय."

साहेबानं माझ्याकडे पाहिलं. कपाळावर रक्त, मिशीवर डांगराची साल. तो हसायला लागला तो थांबेना. बंदुकांतल्या गोळ्या काढून घ्यायला लावल्या. जाताना त्याला दोन डांगरं दिली. अभिमन माझ्याकडे न बघता घरी गेला.

घरी सौ. माझ्या कपाळावर हळद दाबत होती. मी तिला सगळं सांगितलं, बंदुकांचंही. तिचा हात थांबला. "मला विचारायचं होतंत," म्हणाली.

आखाजीनंतरचा आठवडा

पायरीवर कुणी येत नाही. मी गेलो की पोरं उठून उभी राहतात आणि रांगेनं म्हणतात, "रामराम फौजदारसाहेब." अभिमनसुद्धा. टोपी सारखी करून, अगदी आदरानं. ज्या रामरामाची मी मार्चपासून वाट पाहिली तो रोज मिळतोय. डांगर कुणी म्हणत नाही.

धुळ्याहून शाबासकी आली. तरुणांनी फौजदाराभोवती स्वतःच्या देहाचं कडं केलं, असा विश्वास जिल्ह्यात दुसरीकडे आढळला नाही, असं साहेबानं लिहिलंय. कागद फाडावासा वाटला. सरकारी म्हणून ठेवला.

१६ मे

आज वाळूत गेलो. वेल वाळलेत, अभिमन एकटा ते उपटत होता. उठून म्हणाला, "रामराम फौजदारसाहेब."

मी म्हटलं, "रामराम नको. तू माझ्या टेबलावर डांगर ठेवलंस तेव्हा तुझ्यावरची वर्दी जाऊन पोचली होती. तुला विचारायचं धैर्य मला झालं नाही. मागच्यानं मनगट मोडलं, मी तर सगळ्यांना मारायला निघालो होतो."

तो वेल उपटत राहिला. मान वर न करता म्हणाला, "तुम्ही इचारं आसतं, ते मी सांगं आसतं." एवढंच. मी त्याच्या शेजारी बसून वेल उपटायला लागलो. मला ते येत नाही. तो नको म्हणाला नाही.

२ जून

सौ.ला पुढच्या आखाजीला शेवंताबाईनं आताच पहिल्या रांगेत जागा देऊन ठेवली आहे. तिचा सराव चालू आहे. सराव कुणावर, ते लिहायला नको.

संध्याकाळी जीवरामला घेऊन गस्तीला निघालो. कडुनिंबाखाली पोरं बसली होती. मी जवळ आलो तशी बोलणी थांबली. मी मान खाली घातली आणि रामरामाची वाट पाहत पुढे गेलो. आला नाही. मी वळणापर्यंत पोचलो आणि मागून आवाज आला, स्वच्छ, मोठा, अभिमनचा.

"डांगर उनं रे!"

जीवराम ताडकन वळला. "कोण आहे रे तो? धरून आणू का साहेब?"

"गप्प बसा हो," मी म्हटलं. मग ठाण्यात काहीतरी विसरलो असं त्याला सांगितलं, आणि काही एक विसरलेलं नसताना पुन्हा त्याच कडुनिंबाखालून परत गेलो.